रीजन कोड यांस, विभाग पाचमधून

रा. रा. रीजन कोड यांस,


आपली-माझी गाठ पडली ती २००३च्या पाडव्याला, रात्री साडेनऊला. आपल्याला आठवत नसेल. गिऱ्हाईक लक्षात ठेवायची आपल्याला गरजच काय!

सकाळी मी तपकीर गल्लीतून नवा डीव्हीडी प्लेअर आणला. हिने त्याला हळदकुंकू वाहिलं. मग मी टीव्ही आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीत डोकं घालून, तोंडात टॉर्च धरून, पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिना बसवायला घेतल्या. पिवळी चित्राची, बाकीच्या दोन आवाजाच्या. पहिल्या खेपेला पिवळी पांढरीच्या भोकात गेली आणि टीव्ही नुसताच घोंघावू लागला. "बाबा, भुंगा!" चिरंजीव म्हणाले. दुसऱ्या खेपेला जमलं.

मेहुणीने अमेरिकेतल्या एडिसनहून भाच्यासाठी कार्टूनच्या चार डीव्हीडी आणल्या होत्या, रोख डॉलर मोजून. पहिली आत सरकवली. ट्रेने गिळली, जरा घरघर केली आणि पडद्यावर आपण उमटलात: चुकीचा विभाग. डबीच्या पाठीवर पृथ्वीचा इवलासा गोळा होता आणि त्याच्या पोटात आकडा, १. प्लेअर आमचा, डीव्हीडी आमची, दोन्हींच्या पावत्या आमच्या. आणि आत बसून आमचं गाव विचारणारे आपण!

पण आपल्या भूगोलाला दाद द्यायलाच हवी. अमेरिका-कॅनडा एक. युरोप आणि जपान दोन. चीनला सहा नंबरची स्वतंत्र खोली. पाचात आम्ही: भारत, पाकिस्तान, रशिया, मंगोलिया, उत्तर कोरिया आणि बरीचशी आफ्रिका. दिल्ली आणि इस्लामाबाद यांना एका पंगतीला बसवणं भल्याभल्यांना जमलं नाही, ते आपण केलंत. आठ नंबर तर विमानं आणि जहाजांसाठी राखीव! म्हणजे आमची मेहुणी घरून निघताना एक, ढगात आठ आणि मुंबईत सहार विमानतळावर उतरली की पाच.

यामागचं कारणही कळलं. सिनेमा तेव्हा तिकडे आधी लागायचा, इकडे मागाहून. तिकडची डीव्हीडी इकडे आधीच पोचली तर थिएटरात जाईल कोण? रास्त आहे. फक्त ते कार्टून आमच्या चिरंजीवांच्या जन्माआधीचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन केला. तिथल्या पोऱ्याने आवाज बारीक केला. "साहेब, ट्रे उघडा ठेवा, रिमोटवर मी सांगतो ते चार आकडे दाबा, मग शून्य. शून्य म्हणजे सगळी दुनिया." झालं, आपलं कुलूप निघालं. चित्र आलं, तेही काळंपांढरं, कारण डीव्हीडी अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीची आणि आमचा म्हातारा टीव्ही पाल पद्धतीचा. हे काम आपलं नव्हे, आपल्या चुलतभावाचं, हे मान्य. पण भावकी ती भावकी.

शेवटी भाऊबीजेला पाहुण्यांपुढे लावली ती कोपऱ्यावरच्या फूटपाथवरून आणलेली पन्नास रुपयांची डीव्हीडी. मध्येच थिएटरातलं कुणाचं तरी डोकं पडदाभर होऊन चालत गेलं, कुणीतरी खोकलंही. पण रंग होते, आवाज होता, आणि मी राहतो कुठे हे त्या डीव्हीडीने एकदाही विचारलं नाही.

२०१६ साली फोर-के ब्लू-रे आली तेव्हा तिच्यावर आपल्याला जागाच ठेवली नाही, असं वाचलं. निवृत्तीबद्दल अभिनंदन.

त्या चार डीव्हीडी अजून शोकेसमध्ये आहेत. चिरंजीव नोकरीसाठी न्यू जर्सीला निघाले तेव्हा म्हटलं, घेऊन जा, तिथे रंगीत दिसतील. म्हणाले, "बाबा, तिथे आता प्लेअर कुणाच्या घरात आहे?"

कळावे,
आपला,
विभाग पाचमधला एक गिऱ्हाईक