आधी वर्णन तपासा, मग मॉडेलला बोला

एआय एजंट चुकला की सगळे मॉडेलवर घसरतात. मॉडेल बदला, महागडं घ्या, पुढच्या आवृत्तीची वाट बघा. त्या मॉडेलच्या हाती जी टूल्स दिली, त्यांच्याविषयी त्याला नेमकं काय सांगितलं होतं, हे उघडून बघायची तसदी फारच थोडे घेतात.

एजंटला सहसा टूलच्या आतला कोड दिसत नाही. त्याला मिळतं टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि कोणत्या रकान्यात काय भरायचं याची यादी. त्याच्या बळावर तो ठरवतो की हे टूल वापरायचं की नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी हा खुला प्रोटोकॉल आणला आणि एकाने लिहिलेलं टूल दुसऱ्याच्या एजंटला जोडणं सोपं झालं. म्हणजे वर्णन लिहिणारा आणि ते वाचून काम करणारा एजंट यांची कधी गाठच पडत नाही.

ग्राहकाला पैसे परत करणारं टूल घ्या. वर्णन काय, तर ‘परतावा देते’. रकाना एकच, ‘रक्कम’. पेमेंटच्या अनेक यंत्रणांत रक्कम रुपयांत भरत नाहीत, पैशांत भरतात. 500 रुपये द्यायचे तर 50000 लिहायचे. एजंट सरळ 500 भरतो, व्यवहार यशस्वी होतो आणि ग्राहकाच्या खात्यात पाच रुपये पडतात. एरर कुठेच नाही. टूल लिहिणाऱ्याला हा नियम तोंडपाठ होता, म्हणूनच तो लिहायचा राहिला. नवा कारकून अशा वेळी शेजारच्या टेबलावर विचारून तरी येतो. एजंटच्या शेजारी टेबल नाही. ‘रक्कम पैशांत भरा, 500 रुपये म्हणजे 50000’ एवढं वाक्य लिहिलं असतं तर ही चूक बहुधा टळली असती.

बहुधा म्हणतो, कारण ते वाक्य पुरेसं आहे का, हे वाचून कळत नाही. लिहिणारा स्वतःचं वर्णन वाचतो तेव्हा गाळलेल्या जागा मनातल्या मनात भरतो. दुसऱ्या मॉडेलला ‘याला दहापैकी गुण दे’ म्हटलं, तर त्यातून मुख्यतः भाषेची सफाई मोजली जाते. वर्णनाची खरी परीक्षा एकच: एजंटला काम द्या आणि तो काय करतो ते बघा.

अशा परीक्षांचे चांगले नमुने आहेत. बर्कली विद्यापीठातल्या फंक्शन कॉलिंगच्या, म्हणजे टूल वापरण्याच्या, क्रमवारीत काही प्रश्न असे असतात की दिलेल्या टूल्सपैकी एकही न वापरणं हेच बरोबर उत्तर. 2024 मध्ये आलेली टाऊ-बेंच ही चाचणी संवादाच्या शेवटी डेटाबेसमध्ये काय उरलं ते तपासते आणि तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावते. या चाचण्या मॉडेलांची तुलना करतात. आपण त्या उलट्या फिरवाव्यात: मॉडेल तेच, कामं तीच, बदलायचं फक्त वर्णन. ‘माझे पैसे कधी येतील?’ असं ग्राहकाने नुसतं विचारलं तर परताव्याचं टूल चालता कामा नये. ‘अर्धेच पैसे परत करा’ म्हटलं तर चालायला हवं, आणि आकडाही बरोबर हवा.

वर्णन किंवा रकान्याचे नियम बदलल्याने खरंच फरक पडतो. अँथ्रॉपिकच्या वेब सर्च टूलमध्ये मॉडेल शोधशब्दांना विनाकारण ‘2025’ जोडत होतं आणि निकाल बिघडत होते. कंपनीने टूलचं वर्णन सुधारून ते ताळ्यावर आणलं. कोड लिहिणाऱ्या त्यांच्याच एजंटचा फोल्डर बदलला की फाइलचे अर्धवट पत्ते चुकत. टूलने पूर्ण पत्त्याची सक्ती केली आणि ती चूक थांबली.

पण म्हणून वर्णनं लांबवत सुटणं हाही उपाय नाही. मॉडेल एका वेळी जेवढा मजकूर वाचू शकतं, त्यातली जागा प्रत्येक ओळ खाते, आणि एका टूलचं नवं वाक्य शेजारच्या टूलचं काम ओढून घेऊ शकतं. सगळी टूल्स एकत्र ठेवूनच चाचणी घ्यावी. काही कामं सुधारणेच्या वेळी बाजूला राखून शेवटी वापरावीत, नाहीतर वर्णन त्या ठरावीक प्रश्नांपुरतंच शहाणं होतं.

कोडची एक ओळ बदलली तरी आपण चाचण्या चालवतो. एजंटसाठी वर्णनाचं वजन कोडइतकंच आहे, तेव्हा नियमही तोच हवा. जे टूल पैसे हलवतं किंवा नोंदी पुसतं, ते न तपासलेल्या वर्णनासह एजंटच्या हाती देणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. त्याचा हिशेब मॉडेलकडे मागू नका; टूल ज्याने दिलं त्याच्याकडे मागा.