पगारापुरती इंग्रजी

आमच्या गावात परदेशांची एक उतरंड ठरलेली आहे. सगळ्यात वर अमेरिका, तिच्याखाली लंडन आणि ऑस्ट्रेलिया, अगदी तळाला दुबई. मी येमेनला इंग्रजी शिकवायला निघालो तेव्हा हे नवं मडकं नेमकं कुठं बसवायचं, हे कुणालाच कळेना. गुलमंडीवरच्या ओळखीच्या कापडवाल्यानं ‘म्हणजे दुबईच की’ म्हणून विषय मिटवला. काकांनी मात्र इतिहास काढला. “एडन ना? अरे, वासुदेव बळवंतांना तिकडंच ठेवलं होतं इंग्रजांनी. तिथंच गेले ते, १८८३ साली. त्यांना बेड्या घालून न्यावं लागलं. तू तिकीट काढून चाललास?” मी म्हणालो, एडन नाही, मुकल्ला, किनाऱ्याकिनाऱ्यानं आणखी पूर्वेला. “मग तर बघायलाच नको,” काका म्हणाले. फडक्यांच्या वेळी एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालायचा. त्यामुळं काकांच्या लेखी मी धड परदेशीसुद्धा चाललो नव्हतो.

तिकीट काढून का चाललो, याचं उत्तर इंग्रजीत एम.ए. झालेल्या कुणालाही विचारा. सेट होऊन वर्षं लोटली तरी माणूस तासिका तत्त्वावरच. तास झाला तर पैसे. गॅदरिंग असलं, निवडणूक असली, अध्यक्षसाहेबांचा वाढदिवस असला की तास नाही आणि पैसेही नाहीत. झालेल्या तासांचं मानधनसुद्धा कधी येईल ते वरचा आणि कारकून जाणे. कायम जागेचं बोलणं निघालं की समोरचा आवाज खाली आणायचा आणि वडिलांच्या नावावर शेती किती, याची चौकशी करायचा. तिकडं येमेनात नवी कॉलेजं निघत होती, इंग्रजीचे विभाग उघडत होते आणि मास्तर इराक, सुदान, भारत असे जिथून मिळतील तिथून येत होते. पगार डॉलरमध्ये. आमच्या आधीच्या पिढीतले भारतीय मास्तर असेच हैले सेलासींच्या इथिओपियात गेले होते. इंग्रजांनी भाषा आपल्याकडे ठेवली आणि पुढं पोचवायचं काम आपल्या अंगावर टाकून ते घरी गेले, असं मला राहून राहून वाटतं.

मुकल्ला म्हणजे समोर समुद्र, पाठीशी उघडेबोडके डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीनं उभी पांढरी घरं. उन्हाळ्याचं मला कौतुक नव्हतं. चाळिशी ओलांडलेला पारा बघतच आम्ही लहानाचे मोठे झालो. पण आमचं ऊन कोरडं. इथं सकाळी घातलेला सदरा कॉलेजच्या फाटकापर्यंत अंगाला चिकटायचा. दुपारी सगळा बाजार बंद व्हायचा तो थेट उन्हं कलल्यावर उघडायचा. पुण्यात शिकलेल्या एका सहकाऱ्याला यात काहीच वावगं दिसलं नाही.

खरी पंचाईत वारांची झाली. तेव्हा तिथं सुट्टी गुरुवार-शुक्रवारी असायची आणि आठवडा शनिवारी सुरू व्हायचा. म्हणजे मारुतीच्या वारी पहिला तास. शुक्रवारी सुट्टी असूनही ती सुट्टी वाटायची नाही आणि रविवारी सकाळी तास घेताना आपण काहीतरी बेकायदेशीर करतोय असं वाटायचं. डोक्यानं नवं वेळापत्रक आठवडाभरात मान्य केलं. अंगानं शेवटपर्यंत केलं नाही.

वर्गात शिरलो तर मुलांच्या वह्या उलट्या बाजूनं उघडायच्या. नाव शोधायला मागचं पान काढायचं. पुढं मुलगे, मागच्या रांगांत मुली. त्यांचे फक्त डोळे दिसायचे. मला दिलेला विषय होता ध्वनिविचार. विद्यार्थ्याच्या ओठांचा आकार बघून उच्चार सुधारावा, असं पुस्तक सांगतं. इथं माझे ओठ त्यांना दिसणार, त्यांचे मला नाही. मग कानांवर भिस्त ठेवली. काही दिवसांत कोणता आवाज कुणाचा हे ओळखू यायला लागलं आणि मग एक गोष्ट ध्यानात आली: ‘थिंक’मधला तो जीभ दातांत धरून काढायचा उच्चार त्या मागच्या रांगांतून अगदी घोटून आल्यासारखा यायचा. कुराणपठणात तो ध्वनी लहानपणीच जिभेवर बसलेला असतो. माझा ‘थ’ मात्र थालीपिठातला. तो धडा मी त्यांच्याकडून म्हणवून घेतला आणि ‘उत्तम’ म्हणत मान डोलावली.

‘प’चा तास त्याहून बहारदार झाला. अरबीत ‘प’ नाही, त्यामुळं मुलं ‘पेन’ला ‘बेन’ म्हणतात. यावर पुस्तकात एक प्रयोग दिलेला असतो. ओठांसमोर कागदाची बारीक पट्टी धरायची आणि ‘पेन’ म्हणायचं. इंग्रजी ‘प’बरोबर हवेचा झोत सुटतो आणि पट्टी हलते, ‘बेन’ म्हटलं तर हलत नाही. मी वहीच्या पानाची पट्टी फाडली, टेबलापुढं येऊन उभा राहिलो आणि ठणठणीत आवाजात ‘पेन’ म्हणालो. पट्टी ढिम्म. मराठी ‘प’ सोज्वळ आहे, तो फुंकर मारत नाही. ते काम आपण पूर्वीच ‘फ’कडे सोपवलेलं आहे. सगळा वर्ग पट्टीकडे बघत होता. मग मी ‘फळा’तला ‘फ’ घेतला आणि ‘फेन’ म्हणालो. पट्टी फडफडली, वर्गानं टाळ्या वाजवल्या आणि पुढं कित्येक दिवस कॉलेजच्या व्हरांड्यातून ‘फेन’, ‘फेफर’, ‘फेन्सिल’ असे उच्चार ऐकू येत होते. एखादा इंग्रज चुकून तिथं आला असता, तर या पोरांचा मास्तर कोणत्या जिल्ह्यातला, इथपर्यंत त्याला माग लागला असता.

असं करत इंग्रजीनं महिन्याचा पगार मिळवून दिला. पण कॉलेजच्या फाटकाबाहेर तिला कुणी विचारत नव्हतं. पुस्तकातून शिकलेली अरबी घेऊन बाजारात गेलो तर दुकानदार हसायचे. आपल्याकडं एखाद्यानं मंडईत जाऊन ‘मजला एक जुडी मेथी द्यावी’ म्हणावं, तसली ती भाषा. एकदा मसाल्याच्या दुकानात जिरं मागताना अरबी संपली, इंग्रजी सुरू झाली, मग हातवारे. गल्ल्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कमरेला फूता गुंडाळलेला, हातात जपमाळ. बराच वेळ त्यांनी माझा तो खेळ बघितला आणि अरबीत विचारलं, कुठला? मी म्हटलं, हिंद, औरंगाबाद. माळ थांबली.

“औरंगाबाद के? तो पैले बोलना था ना मियाँ! कायकू अंग्रेजी में तकलीफ कर लेरैं?”

मुकल्ल्याच्या बाजारात अस्सल दखनी! मी जिरं विसरलो. ते हैदराबादेत जन्मले होते. हद्रमौतचे अरब पिढ्यान्‌पिढ्या निजामाच्या फौजेत चाकरीला यायचे. तिथल्याच कुऐती घराण्यातल्या जमादारांनी हैदराबादेत पैसा केला आणि त्याच्या जोरावर इकडं मुकल्ला आणि शिहर ताब्यात घेऊन सल्तनत थाटली. समुद्रकाठचा त्यांचा वाडा बघितला की हैदराबादच्या एखाद्या नवाबाचं घर वाट चुकून इकडं आलंय असं वाटतं. औरंगाबाद, परभणी, नांदेडकडचे आपले चाऊस याच मुलखातून आलेले. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर त्या फौजेतल्या बऱ्याच अरबांना परत धाडण्यात आलं आणि त्यांत वडिलांचं बोट धरून हा मुलगाही आला. ज्या मुलखाला बाप ‘वतन’ म्हणत होता, तो त्यानं बोटीतून उतरल्यावरच पहिल्यांदा बघितला. “अरबी आतीइच नै थी,” ते म्हणाले, “पोट्टे हँसते थे.”

त्यानंतर माझं बस्तान बसलं ते शहागंजच्या बोलीवर. लहानपणी ही बोली घरात आणली की आई रागवायची, नीट मराठी बोल म्हणायची. शाळेत इंग्रजीचे सर रागवायचे. जी भाषा कुणी शिकवली नाही, उलट जिच्यापायी बोलणी खाल्ली, तिनं मला घर भाड्यानं मिळवून दिलं, दात काढून दिला आणि समुद्राकाठी संध्याकाळी गप्पांना बसायला चार म्हातारे दिले. त्यांना माझ्याकडून औरंगाबादची खबर हवी असायची. खबर म्हणजे राजकारण नव्हे. एकानं विचारलं, नान-खलिया अजून तसाच मिळतो का? मी हो म्हटल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. नंतर मला घरी नेऊन त्यानं मासा आणि भात खाऊ घातला.

आईचा फोनवर एकच प्रश्न असायचा: भाकरी मिळते का? येमेनात ज्वारी पिकते, हे तिला सांगूनही पटत नव्हतं. मी बाजारातून पीठ आणलं. विभागातला परभणीचा सहकारी म्हणाला, थापतो मी. त्यानं परातीत पीठ मळलं, गोळा केला, थापायला घेतला आणि दुसऱ्या थापेला कडेनं चिरा पडल्या. पाणी लावलं, पुन्हा मळलं, पुन्हा तेच. “विरी गेली आहे पिठाची,” तो डॉक्टरच्या सुरात म्हणाला. मग आम्ही अख्खी ज्वारी आणून गिरणीत दळून घेतली आणि ताज्या पिठाची भाकरी तव्यावर टम्म फुगली. आईनं बांधून दिलेल्या येसराची आमटी केली. त्या वासानं शेजारचा सुदानी प्राध्यापक चौकशीला आला आणि जेवूनच गेला.

माझ्या आईसारखा प्रश्न मलिक अंबरला कुणी विचारला असेल का, हे मात्र तिथं बसून नेहमी मनात यायचं. इथिओपियातलं पोर, येमेनातल्या मोख्याच्या बाजारात विकलं गेलं, बगदादमार्गे दख्खनला पोचलं आणि १६१० साली त्यानंच खडकी वसवली. तेच आमचं गाव. पुढं औरंगजेबाच्या नावानं ते औरंगाबाद झालं, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. म्हणजे गावाचा पहिला पाहुणाच येमेनच्या वाटेनं आलेला. त्याला पगारही डॉलरमध्ये नव्हता.

मी परत आलो. त्यानंतर २०१५ मध्ये तिथं युद्ध पेटलं आणि ‘ऑपरेशन राहत’मधून भारतानं आपली साडेचार हजारांहून अधिक माणसं बाहेर काढली. माझा एक विद्यार्थी त्याआधीच इंग्रजीत पीएच.डी. करायला आमच्या विद्यापीठात आला होता. येमेनी मुलांची इथं बरीच जुनी वहिवाट आहे. तो आला आणि मागं रस्ता बंद झाला. बेगमपुऱ्यात खोली घेऊन राहिला. आता प्रश्न विचारायची पाळी त्याची होती. दुपारी दुकानं उघडी कशी? लोक झोपतात कधी? चहा एवढासा का देतात, आणि उभ्या उभ्या का पितात? एकदा म्हणाला, “सर, जायकवाडीचं धरण बघून आलो. एवढं पाणी! मग नळाला आठवड्यानं का येतं?” मी म्हटलं, यावर पीएच.डी. करायला हवी होतीस. इंग्रजीपेक्षा अवघड विषय आहे.

विद्यापीठात तो स्वच्छ इंग्रजी बोलतो, माझ्या ‘फ’चा मागमूसही न ठेवता. बाहेर मात्र त्याचंही इंग्रजीवाचून काही अडत नाही. परवा आम्ही दोघं शहागंजला गेलो होतो. त्यानं मोसंबीच्या गाडीपाशी उभं राहून असा काही भाव केला, की गाडीवाल्यानं त्याला नीट न्याहाळलं, नाव विचारलं आणि तोंडभर हसला.

“चाऊस है ना? परभनी के, के नांदेड के?”

“मुकल्ला के.”

“मुकल्ला?” गाडीवाला विचारात पडला. “वो जिंतूर के इधर पडता, के उधर?”

तो माझ्याकडं बघायला लागला. मी “उधर” म्हटलं आणि दोन किलो तोलायला सांगितली.