साडेचारकाका

आमच्या रावेतमध्ये दर इमारतीत एक तरी माणूस चाकणला जाणारा असतो. आमच्या विंगेतले काका तिथल्या एका कारखान्यात इनकमिंग इन्स्पेक्शनला आहेत. म्हणजे बाहेरून आलेला माल परत पाठवण्याचा त्यांना पगार मिळतो. सोसायटीतली पोरं त्यांना साडेचारकाका म्हणतात, ते त्यांच्या कॉम्प्युटरमुळे. इंटेलचा आय-सेव्हन 2600के, बाजारात आला 2011 साली. कंपनीने तो 3.4 गिगाहर्ट्झवर विकला, काकांनी साडेचारवर पळवला आणि अजून पळवतायत. नव्या पाहुण्याला चहाच्या आधी हा आकडा मिळतो.

या यंत्रात रॅम 8 जीबी. चार-चारच्या दोन पट्ट्या, डीडीआर-थ्री, 1600, सीएल-नाइन. ती 16 करायची हा निर्णय होऊन बरीच वर्षं झाली. निर्णय झालाय, निवड चालू आहे.

"तशाच आणखी दोन लावा की. खाचा चार आहेत ना?" असं मी एकदा म्हणालो. रिजेक्ट मालाकडे बघावं तसं काकांनी माझ्याकडे बघितलं.

"लोड कुणावर? मेमरी कंट्रोलरवर. तो कुठे बसलाय? प्रोसेसरच्या पोटात. प्रोसेसर आधीच साडेचारला. उद्या निळा स्क्रीन आला तर तुम्ही येणार का?"

मी येणार नव्हतो.

मग आठ-आठच्या दोन? त्या 1600 च्या की 2133 च्या? इंटेलच्या कागदावर या प्रोसेसरला 1333 पर्यंतच मुभा आहे, पण तो कागद मानला तर साडेचार कुठून आले असते? काकांच्या वहीत गणित मांडलेलं आहे: 1600 ला सीएल-नाइन म्हणजे सव्वाअकरा नॅनोसेकंद, 2133 ला सीएल-इलेव्हन म्हणजे 10.3. फरक जेमतेम एका नॅनोसेकंदाचा. "पण आहे की नाही?" असं ते विचारतात, तेव्हा नाही म्हणता येत नाही. हाच माणूस चाकणच्या तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये तासभर निवांत बसतो. तिथे वही निघत नाही.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. काका आकुर्डीहून लोकल पकडून पुण्यात उतरतात आणि जुन्या पार्टांची दुकानं धुंडाळतात, कारण डीडीआर-थ्री आता बहुतेक सेकंडहँडच. डीडीआर-फोरची पट्टी या बोर्डात बसतच नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते. एकदा मी बरोबर गेलो होतो. खिशातून भिंग निघालं.

"दोन्ही पट्ट्या एकाच बॅचच्या?"

"असतील, साहेब."

"असतील म्हणजे? व्होल्टेज किती?"

"1.65."

"दीड पाहिजे. परत घ्या."

दुकानदाराने दुसरी जोडी काढली, दीडवाली. मेमटेस्ट लावून दाखवली. स्क्रीनवर एकही चूक नाही.

"किती पास केलेत?"

"एक."

"एका पासवर मी नट पण पास करत नाही," असं म्हणून काका बाहेर पडले, आणि परतीच्या गाडीत फार खुशीत होते.

या सगळ्यात ते खेळतात काय? एज ऑफ एम्पायर्स टू. 1999 चा गेम, 32 एमबी रॅमवर चालणारा. म्हणजे घरात आज आहे तीच रॅम गरजेच्या 256 पट. हे मी एकदा काकूंसमोर बोललो. काकूंचे डोळे चमकले, पण काका तयारीत होते. "रेड डेड रिडेम्प्शन टू ला बारा जीबी सांगितलीय." तो गेम त्यांनी सेलमध्ये घेऊन ठेवलाय. अजून इन्स्टॉल केलेला नाही, रॅम कमी पडेल म्हणून.

2025 सरता सरता रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी, कंपन्यांचा ओढा तिकडे, आपल्या वाट्याला महागाई. विंगेतल्या सगळ्यांना काकांचं वाईट वाटलं. मी सांत्वनाला गेलो तर गडी प्रसन्न.

"आता भाव उतरेपर्यंत थांबणंच शहाणपणाचं," ते म्हणाले. "तोवर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्यावी म्हणतो. कोणती घ्यावी, ते बघतोय." आणि वहीचं नवं पान उघडून त्यांनी पट्टीने रकाने आखायला घेतले.