भोचक वाचकाची बाजू

तुम्हाला कोणत्या प्रकारची पुस्तकं आवडतात, असं विचारलं की एरवी मोकळाढाकळा असलेला मराठी माणूससुद्धा सावरून बसतो. ऐतिहासिक, वैचारिक, चरित्रात्मक अशी शहाण्यासारखी उत्तरं येतात. रहस्यकथा त्यानं ‘पूर्वी कधीतरी’ वाचलेल्या असतात, भयकथा ‘प्रवासात’, आणि पाककृतींचं पुस्तक ‘घरात पडलं होतं म्हणून’. माझं म्हणणं असं, की हे सगळे प्रकार ग्रंथपालाच्या सोयीसाठी आहेत. कपाटांना काही ना काही चिठ्ठ्या लावाव्याच लागतात. वाचकाच्या बाजूनं पाहिलं तर पुस्तक कुठल्याही कपाटातलं असो, त्याला रस एकाच गोष्टीत असतो: दुसऱ्याच्या घरात काय चाललंय. कोण काय जेवलं, कुणाचं कुणाशी वाजलं, पैसे आले कुठून आणि गेले कुठं. याला आपल्याकडे भोचकपणा म्हणतात, आणि तो फक्त शेजाऱ्यांत असतो असा सार्वत्रिक समज आहे.

ऐतिहासिक कादंबरीपासूनच सुरुवात करू, कारण तिचा वाचक सर्वांत ताठ मानेनं बसलेला असतो. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली. ती हातात घेणाऱ्या प्रत्येकाला शेवट आधीच ठाऊक असतो. माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला क्षयानं गेले आणि रमाबाई सती गेल्या, हे त्यानं शाळेतच पाठ केलेलं असतं. म्हणजे पुढे काय होणार ही उत्सुकता बाद. उरली राजकारणाची गोडी. पण हैदरावरच्या स्वाऱ्यांची पानं आपण कशी वाचतो हे ज्यानं त्यानं मनाशी आठवावं. लांबून नमस्कार करून पुढे सरकतो आणि राघोबादादा दालनात शिरले की पुन्हा नीट बसतो. कारण हैदर आपल्या नात्यात नाही; राघोबादादा मात्र जवळजवळ प्रत्येक कुटुंबात एक असतोच. वाटणीचा विषय निघाला की रुसणारे, सगळ्यांसमोर पुतण्याला आशीर्वाद देणारे आणि पाठ वळली की वकील गाठणारे काका कुणी पाहिलेले नाहीत? शिवाजी सावंतांनी १९६७ साली ‘मृत्युंजय’मध्ये तर वाचकाची सोयच करून टाकली. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून तीच कहाणी ऐकायला मिळते. एकाच घरातल्या भानगडीवर सहा जबान्या! भोचक माणसाला याहून अधिक देवही देऊ शकत नाही.

यावर रहस्यकथेचा वाचक म्हणेल, आमचं तसं नाही, आम्ही तर्काचे भोक्ते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचे झुंजार नि काळा पहाड घरोघर पोचले. ते काय सगळे तर्कशास्त्राचे वर्ग होते? सार्वजनिक वाचनालयातली एखादी रहस्यकथा उघडून पाहावी. कोपऱ्यात जिन्याखाली असतं त्या कपाटातली, पुठ्ठ्याच्या बांधणीची, कण्यावर पांढऱ्या शाईनं नंबर घातलेली. तेराव्या-चौदाव्या पानावर समासात आधीच्या एखाद्या परोपकारी वाचकानं पेन्सिलीनं लिहिलेलं असतं: ‘खुनी मामा आहे.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात: ‘मूर्खा, सांगू नये.’ आणि त्याखाली तिसऱ्या अक्षरात: ‘मामा नाही, दिवाणजी.’ तरीही ते पुस्तक शेवटल्या पानापर्यंत मळलेलं असतं. खुनी कळल्यावर रस संपत असता तर पंधराव्या पानापासून पुढचा कागद कोरा करकरीत राहिला असता. पण तसं होत नाही, कारण वाचकाला खुन्यापेक्षा मृत्युपत्रात रस असतो. डिटेक्टिव्ह हा मुळात परवानाधारक भोचक. तो लोकांची कपाटं उघडतो, पत्रं वाचतो, नोकरांना खोदून खोदून विचारतो, आणि एवढं करून त्याला कुणी ‘तुला काय करायचंय?’ म्हणत नाही. आपल्याला त्याच्या बुद्धीचा हेवा वाटत नाही, त्या परवान्याचा वाटतो. भयकथेचंही फार वेगळं नाही. नारायण धारपांच्या वाचकाला भीती वाटते हे कबूल, पण ओसाड वाडा दिसला की तो आधी खोल्या मोजतो.

मराठीतली सर्वांत चवीची पुस्तकं याच वृत्तीवर उभी आहेत. वरसईचे विष्णुभट गोडसे सर्वतोमुख यज्ञाची बातमी ऐकून दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत निघाले आणि १८५७च्या बंडात सापडले. हा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आला. इतिहासाच्या अभ्यासकांना त्यात झाशीच्या वेढ्याचा साक्षीदार सापडतो. सामान्य वाचकाला सापडतो एक भिक्षुक, ज्याचं तोफांच्या धडधडाटातही जेवणाच्या सोयीवरचं आणि गाठीला असलेल्या रकमेवरचं लक्ष ढळत नाही. साम्राज्य बुडतंय की तरतंय हे त्या काळी बड्या बड्या मुत्सद्द्यांना कळलं नव्हतं. आपल्या कनवटीला काय आहे ते गोडसे भटजींना नेमकं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांच्यावर विश्वास बसतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. धर्मांतराचा, स्त्रीजीवनाचा, संसाराचा तो मोठा दस्तऐवज आहे, असं प्रस्तावना सांगतात आणि ते खरंही आहे. पण ती पुस्तकं ज्यांनी झिजवली त्यांना विचारा. त्यांना वडिलांचं ते सोवळं आठवतं, ज्यात बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. आणि आठवतात ते टिळक, ज्यांच्या हाती पैसा टिकला तर बायकोलाच नवल वाटे. धर्मांतरासारखी प्रचंड घटनासुद्धा आपल्याला उमगते ती यातूनच: आता पाणी कुणाच्या हातचं प्यायचं, स्वयंपाक कुणी करायचा. तत्त्वज्ञान दिवाणखान्यातून आत येईपर्यंत लक्ष्मीबाई मागच्या दारानं तिथं पोचलेल्या असतात.

आता गंभीर वाचक. नेमाड्यांच्या ‘कोसला’बद्दल १९६३ पासून इतकं लिहिलं गेलंय की त्यात अस्तित्ववाद आहे हे आता मेसच्या आचाऱ्यालाही ठाऊक असावं. पण पांडुरंग सांगवीकर मेसचा सेक्रेटरी होतो आणि हिशेब अंगावर येतो, ती पानं वाचताना ज्याच्या पोटात खड्डा पडतो त्याला अस्तित्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली. तिच्यातलं विज्ञान भल्याभल्यांच्या डोक्यावरून गेलं असेल, पण ती त्यांनी नारायण विनायक जगताप अशा टोपणनावानं पाठवली होती, ही गोष्ट विज्ञानाचा गंधही नसलेले लोक रंगवून सांगतात. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’तली वाटी-चमच्याची मापं वाचत दुपारी लवंडणारे सगळेच काही संध्याकाळी उठून फोडणी करत नाहीत. दुसऱ्याकडे मसालेभातात काय काय घालतात एवढं कळलं की त्यांचं पोट भरतं.

इथं एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. सगळं वाचन भोचकपणात बसवलं तर दया पवारांच्या ‘बलुतं’चं काय करायचं? १९७८ साली आलेल्या त्या पुस्तकातल्या महारवाड्यात आणि मुंबईच्या कावाखान्यात मजा म्हणून डोकावायचं? हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. काही वाचक तसे डोकावलेही असतील, चुकचुकलेही असतील. पण अशा पुस्तकांची गंमत, म्हणजे वाचकाची होणारी फजिती, अशी की डोकावणाऱ्याला समोर स्वतःचीच मागची बाजू दिसते. गावातल्या ज्या घराची पुढची ओसरी तो ओळखतो, त्याच घराच्या मागल्या दारी कोण किती वेळ ताटकळलं, हातात काय पडलं आणि ते कसं टाकलं गेलं, हे इथं नावानिशी लिहिलेलं असतं. सामाजिक न्यायावरचं व्याख्यान ऐकून माणूस टाळ्या वाजवून घरी जातो. तपशील वाचून त्याला घरी जायची चोरी होते. चौकशी करायला गेलेल्याचीच चौकशी व्हावी, हे भोचकपणाचं सर्वांत उपयोगी फळ असेल.

राहिला शेवटचा मुद्दा. दुसऱ्याचं आयुष्यच पाहायचं तर हातात फोन आहे, समोर मालिका आहे, पुस्तक कशाला? उत्तर सोपं आहे. फोनवर माणसं दाखवायचं तेवढंच दाखवतात. मालिकेतल्या सासवा झोपतानाही दागिने घालतात आणि त्या घरात किराण्याचं बिल कधी येतच नाही. झाकलेलं कळतं ते छापील पानावरच. सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं तेव्हा पु. ल. घरात कसे आहेत हे पाहायलाच अर्धा महाराष्ट्र त्यावर तुटून पडला, आणि पुस्तक संपेपर्यंत त्यांच्याऐवजी सुनीताबाईंकडे पाहू लागला. धारवाडात माणसांपासून लांब राहिलेले जी. ए. कुलकर्णी आपल्या कथांत वाचकाला सहसा घरचा पत्ता लागू देत नाहीत. वाचकानं काय केलं? त्यांच्या निवडक पत्रांचे खंड येताच तेही वाचून काढले.

तेव्हा प्रकाशकांना एक विनंती. ऐतिहासिक कादंबरीच्या आरंभी तुम्ही वंशावळ देता, तशीच सामाजिक कादंबरीलाही जोडा, आणि जमलं तर घराचा नकाशाही. कोण कुणाचा जावई आणि माजघरातून माडीवर जायला जिना कुठून, हे शोधण्यात आमचा फार वेळ मोडतो.