निवड समितीचे अभिनंदन

कंपनीसाठी सॉफ्टवेअर निवडताना आमच्या समितीने स्टोअरकीपर आणि अकाउंटंट यांना कटाक्षाने दूर ठेवले. जे रोज वापरणार, त्यांची मते पूर्वग्रहदूषित असतात. डेमोत रंगीत आलेख झळकले, जेवणही झकास होते. जीएसटीचे विवरणपत्र कसे भरायचे, असला क्षुद्र प्रश्न कुणी काढला नाही. जर्मनीच्या लिडल या सुपरमार्केट साखळीने सात वर्षे आणि सुमारे ५० कोटी युरो ओतून २०१८ मध्ये सॅप सॉफ्टवेअरचा प्रकल्प गुंडाळला. त्यांना म्हणे मालसाठ्याची किंमत खरेदीदरानेच धरायची होती! असला हट्ट आम्ही करणार नाही. सॉफ्टवेअरला जमत नसेल तर धंदा बदलू. पुढच्या खेपेला समितीचे अध्यक्षपद थेट विक्रेत्याकडेच जाईल. हिशेब अजून एक्सेलमध्येच चालतो, हे मात्र समितीच्या कानावर घालू नये, ही विनंती.