जिममधले भाऊ

यवतमाळात आर्णी रोडला जा, दारव्हा रोडला जा, नाहीतर सरळ पुसद-वणी गाठा. जिम म्हटली की तिथे एक भाऊ असतातच. ते ट्रेनर नसतात, पण ट्रेनर त्यांना दबकून असतो. फी दिवाळीपासून थकलेली, सल्ला मात्र रोजच्या रोज चुकता. दांडीच्या दोन्ही टोकांना वीस-वीस किलोच्या प्लेटा चढवून ती खांद्यावर घ्यायची, आरशात एकदा दंड बघायचे, चार बोटं खाली जायचं आणि 'हॅ' करून वर यायचं, याला भाऊ स्क्वॉट म्हणतात. मात्र त्यांचा खरा व्यायाम सुरू होतो एखादी बाई दांडीपाशी आली की. "वहिनी, इतकं वजन कायले? सायकल चालवा ना बाप्पा! दंड पुरुषावानी होतीन." वहिनींच्या खांद्यावर तेव्हा नुसती दांडी असते. बायकांच्या स्पर्धेतली दांडी 15 किलोची, म्हणजे पाण्याने भरलेल्या गुंडाएवढी.

भाऊंचं शास्त्र तीन कलमी आहे. पहिलं कलम दंडांचं. पुरुषाचे स्नायू फुगवणारं टेस्टोस्टेरॉन बाईच्या रक्तात कितीतरी पटींनी कमी असतं. ते भरपूर असूनही भाऊंचे दंड गेली कित्येक वर्षं आहेत तिथेच आहेत, तर वहिनींचे महिन्याभरात कुठून फुगणार? दुसरं कलम: "गुडघा बोटाच्या पुढे गेला तं वाटी गेली समजा." हे 2003 साली अमेरिकेत मोजून झालंय. समोर फळी लावून गुडघे अडवले तेव्हा गुडघ्यावरचा ताण पाचव्या हिश्शाने उतरला खरा, पण कमरेच्या खुब्यावरचा दहापटीहून जास्त वाढला. लांब मांडीच्या माणसाचा गुडघा पुढे जाणारच. बघायचं ते इतकंच, की टाच जमिनीला चिकटलेली आहे, गुडघा आत न कोसळता पायाच्या बोटांच्या दिशेने जातोय आणि श्वास भरून पोट ताठ धरल्यामुळे पाठीची कमान मोडत नाही. एवढं सांभाळून मांड्या जमिनीला समांतर किंवा त्याखाली नेल्या की झाला स्क्वॉट. निंदायला उकिडव्या बसणाऱ्या बाईला ही खोली शिकवावी लागत नाही, भाऊंना लागते. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने 2022 मध्ये ग्रीसमध्ये 45 किलो गटात एकूण 153 किलो उचलून ज्युनियर जागतिक सुवर्ण आणलं. स्पर्धेतली अशी वजनं बहुतेकदा पूर्ण बैठकीतूनच उठवतात, आणि तिथे गुडघे बोटांच्या पुढेच असतात.

तिसरं कलम भाऊ आवाज खाली करून सांगतात: "पिशवी सरकते." अंग बाहेर येण्याचा त्रास असेल किंवा बाळंतपण नुकतंच झालं असेल, तर डॉक्टरला विचारूनच, हलक्यापासून सुरुवात करावी, हे मान्य. पण मग 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळचं निळोणा धरण आटलं आणि अख्ख्या शहरातल्या बाया टँकरमागे गुंड घेऊन धावल्या, तेव्हा पिशवीची काळजी कोणी केली? भरलेला सिलिंडर तीसेक किलोचा असतो. घरातली बाई तो स्वयंपाकघराकडे सरकवत नेते, तेव्हा भाऊ सोफ्यावर पाय वर घेतात. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन धुऱ्याने येणाऱ्या बाईला ते "कष्टाळू" म्हणतात. आणि रात्री त्यांनी जमिनीवर टाकून दिलेल्या वीस किलोच्या प्लेटा सकाळी झाडणारी बाईच उचलून जागेवर लावते. तिला आजवर कोणी सायकल चालवायला सांगितलेलं नाही. भाऊंची हरकत वजनाला नाहीच. बाईने ते दुसऱ्याच्या कामासाठी नव्हे, स्वतःच्या हौसेने उचलावं, याला आहे.

यावर भाऊंकडे एक हुकमी एक्का असतो: "घरी इतकं उचलतेच, तं जिम कायले?" प्रश्न बिनतोड वाटतो, पण आहे पोकळ. गुंड वर्षानुवर्षं तेवढाच राहतो, कमरेच्या एकाच बाजूला बसतो आणि अंग दुखतंय म्हणून सुट्टी देत नाही. हाडाला मात्र हळूहळू वाढत जाणारं वजन आणि मध्ये विश्रांती लागते. ऑस्ट्रेलियात पाळी थांबलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायांना देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा अर्धा तास जड वजनं उचलायला लावली, त्यात स्क्वॉटही होता. 2018 मध्ये निकाल छापून आला: आठ महिन्यांत मणक्याच्या हाडांची घनता जवळपास तीन टक्क्यांनी वाढली, हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली.

तेव्हा वहिनी, आधी नुसती दांडी घ्या, टाच टेकवा, पूर्ण खाली बसा आणि जमेल तसं दर आठवड्याला थोडं वाढवा. भाऊ आडवे आलेच, तर त्यांना त्यांच्या प्लेटा जागेवर ठेवायला सांगा.