एक परिच्छेद, एक मुद्दा

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत ठरले, की मुलांनी हाताने काम करता करता शिकावे. पुढे सेवाग्रामात हीच शिक्षणपद्धती ‘नई तालीम’ म्हणून सुरू झाली. आता त्याच जिल्ह्यात परिच्छेद शिकायचा तर हाताला एकच काम: गाईड उघडणे. त्यात पाऊस येतो, शेतकरी आनंदतो. वाक्ये खालीवर केली तरी अर्थ बिघडत नाही. मुळात तो नसतोच. पोराने आधी ढग, मग कपाशीत साचलेले पाणी, शेवटी बापाचे कर्ज असे क्रमाने लिहिले, तर शेरा पडतो, ‘विषयांतर’. एका परिच्छेदात एकच मुद्दा, हा नियम मात्र सगळे पाळतात. तो मुद्दा म्हणजे गुण.